अर्थ नको, अक्षरं हवीत

स्क्रॅबलच्या फळीवर ‘क्यू’ आला की नवख्याच्या कपाळावर आठी पडते. 100 सोंगट्यांत तो एकच. किंमत 10 गुण, पण सोबत ‘यू’ नसेल तर करायचं काय? मुरलेला खेळाडू शांतपणे ‘क्यू-आय’ मांडतो. चिनी विचारातल्या प्राणशक्तीचा हा शब्द उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत 2006 साली आला. ‘यू’ असला, तर अरबी बाजारासाठीचा ‘एस-यू-क्यू’ही चालतो.

असे शब्द वाचनातून सापडतात, हा गोड गैरसमज आहे. ते याद्या घोकून मिळवावे लागतात. आधी दोन अक्षरी शब्द, त्यात हवाईतल्या खडबडीत लाव्हाचा ‘ए-ए’सुद्धा. मग स्वरांवाचूनचे, उदाहरणार्थ वेल्श भाषेतून आलेला, डोंगरातली खोलगट दरी सांगणारा ‘सी-डब्ल्यू-एम’. पुढची पायरी म्हणजे अक्षरं वर्णक्रमाने लावून पाठ करणं. ए, ई, आय, एन, आर, एस, टी हा संच दिसताच जाणकाराला ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टियर’ एकदम आठवतात. सातही सोंगट्या एका फटक्यात संपल्या की 50 गुण वरकड!

मराठी मुंगसावरून आलेला ‘मंगूस’ही चालतो, पण इंग्रजीत त्याची अक्षरं आठ, म्हणजे पटावरचं एखादं उसनं घ्यावं लागतं.

अर्थाचं काय? न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌सने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं.