हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट

हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट ही हैदराबाद (तेलंगणा) येथील इस्लामचा अभ्यास व आंतरधर्मीय संबंध या क्षेत्रांत काम करणारी ख्रिस्ती संस्था आहे. तिची स्थापना १९३० मध्ये लाहोर येथे झाली. मुस्लिम समाजात धर्मप्रचार करणाऱ्यांना प्रशिक्षण देण्यासाठी परदेशी मिशनरी संस्था व भारतातील चर्च यांनी मिळून ती उभारली. पुढे संवाद आणि सलोखा हा तिच्या कामाचा गाभा बनला.

नावाची पार्श्वभूमी

हेन्री मार्टिन (१७८१–१८१२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील इंग्रज धर्मोपदेशक होते. १८०६ मध्ये भारतात आल्यावर त्यांनी मुन्शींच्या साहाय्याने बायबलमधील नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. १८११ मध्ये इराणकडे जाताना ते गोवा व मुंबई येथे थांबले. कलकत्त्याहून मुंबईपर्यंत त्याच जहाजावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हेही होते. ते पुण्याचे रेसिडेंट म्हणून रुजू होण्यास निघाले होते. शिराझ येथे नव्या कराराचे फारसी भाषांतर पूर्ण केल्यानंतर परतीच्या प्रवासात तोकात (तुर्कस्तान) येथे मार्टिन यांचे निधन झाले.

स्थापनेपूर्वीची परिस्थिती

एकोणिसाव्या शतकात मुस्लिमांमधील धर्मप्रचारात खंडनमंडनावर मोठा भर होता. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३० च्या दशकात मुस्लिम विद्वानांशी छापील वाद केला. १८५४ मध्ये आग्रा येथे जर्मन मिशनरी कार्ल फांडर व मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांच्यात झालेला जाहीर वाद विशेष गाजला. अशा वादांमुळे ग्रंथांचा अभ्यास वाढला, तरी परस्परविश्वास वाढला नाही.

अनेक देशांच्या मिशनरी संस्था आपापल्या क्षेत्रात स्वतंत्रपणे काम करीत असत. कैरो (१९०६) व लखनौ (१९११) येथील परिषदांमुळे त्या एकत्र आल्या. या परिषदांमागे अमेरिकन मिशनरी सॅम्युएल झ्वेमर यांचा पुढाकार होता. कार्यकर्त्यांना इस्लामचे पुरेसे ज्ञान नाही, ही उणीव या काळात प्रकर्षाने जाणवू लागली.

स्थापना व स्थलांतर

ही उणीव भरून काढण्यासाठी १९३० मध्ये लाहोर येथे ‘हेन्री मार्टिन स्कूल ऑफ इस्लामिक स्टडीज’ सुरू झाले. ब्रिटिश बॅप्टिस्ट मिशनरी एल. बेव्हन जोन्स हे पहिले प्राचार्य होते. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मरे टायटस आणि सूफी परंपरेतून ख्रिस्ती धर्मात आलेले जॉन सुभान हे त्यांचे सहकारी होते. वेगवेगळ्या पंथांचे व देशांचे अध्यापक एकाच संस्थेत शिकवीत, हे या भागीदारीचे वैशिष्ट्य होते. फाळणीपूर्वीच संस्था अलीगढ येथे हलली. त्यानंतर जबलपूर व लखनौमार्गे १९७१ मध्ये ती हैदराबादला आली.

उद्देशातील बदल

स्वातंत्र्यानंतर चर्चच्या कारभाराची सूत्रे परदेशी मिशनरी संस्थांकडून भारतीयांकडे आली. १९४७ मध्ये दक्षिण भारतातील आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील काही प्रॉटेस्टंट पंथांचे एकीकरण झाले. याच सुमारास जागतिक पातळीवरही विचार बदलत होता. रोमन कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये अन्य धर्मांविषयी आदराची भूमिका जाहीर केली, तर जागतिक चर्च परिषदेने १९७१ मध्ये आंतरधर्मीय संवादासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

संस्थेच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. डिसेंबर १९९० मध्ये हैदराबादच्या जुन्या शहरात भीषण दंगली झाल्या. त्यानंतर संस्थेने तेथील हिंदू व मुस्लिम वस्त्यांत मदतकार्य, शिक्षण व सलोख्याचे उपक्रम हाती घेतले. धर्मांतराचा हेतू मनात ठेवून केलेली मदत शेजाऱ्यांचा विश्वास मिळवू शकत नाही, असे या नव्या भूमिकेच्या समर्थकांचे म्हणणे आहे. उलट, सुवार्ता सांगणे हे चर्चचे मूळ कर्तव्य असून संवाद त्याची जागा घेऊ शकत नाही, असे अनेक इव्हॅन्जेलिकल गटांना वाटते. हा मतभेद आजही मिटलेला नाही.