मेनेलॉस आणि संकासूर

गेल्या जत्रांच्या दिवसांत तेरेखोलला आत्याकडे गेलो होतो. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की ते टोकाचं गाव. पिशवीत वर्गात दाखवायला काढलेली एका फ्रेंच चित्राची प्रत होती.

चित्रकार ओनोरे दोमिए (१८०८-७९). राजा लुई-फिलिपला खादाड राक्षस दाखवल्याबद्दल हा १८३२ साली तुरुंगात गेला. १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांचे मार्गच बंद झाले. पुढे १८४१ ते ४३ मध्ये त्याने ‘शारिवारी’ या पत्रातून ग्रीक-रोमन पुराणांवर ५० शिळाछाप चित्रं काढली. (आपल्या आजोबांच्या पोथ्या छापत, तीच ही दगडाची कला.) पहिल्याच चित्रात ट्रॉय जिंकून मेनेलॉस हेलेनला परत नेतोय. वीर पोट सुटलेला, छाती काढून चाललेला. आणि जिच्यासाठी दहा वर्षं युद्ध झालं ती लठ्ठ हेलेन नाकाला अंगठा लावून त्याला वेडावतेय!

आत्याने चष्मा लावून पाहिलं, खुदकन हसली. मग गंभीर झाली. ‘‘आमच्या सीतेचां कोणी असां काढलां तर चलात काय रे तुका?’’

मला उत्तर सुचेना. माझी बायको गोकाककडची. ती म्हणाली, ‘‘आमच्या श्रीकृष्ण पारिजातात रुक्मिणी-सत्यभामेपायी कृष्णाचे काय हाल होतात! लोक पोट धरून हसतात.’’

‘‘तां वेगळां,’’ आत्या म्हणाली.

रात्री शेजारच्या गावी दशावतार होता. वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासूर आला, ब्राह्मणाची फिरकी घेऊ लागला, पुढे बसलेल्यांनाही सोडीना. आत्या डोळे पुसत हसत होती. विष्णू आला आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

घरी येताना मला तिचं ‘वेगळां’ थोडं कळलं. दोमिएच्या वाचकांपैकी कोणी झ्यूसपुढे दिवा लावत नव्हतं. ते देव शाळेच्या पुस्तकातले, चित्रशाळेतल्या प्लॅस्टरचे. थट्टा खरी त्यांना डोक्यावर घेणाऱ्या पंडितांची. संकासुराची थट्टा मात्र देवळासमोर, देवाच्या देखत चालते. तरी सीतेच्या चित्राचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

सकाळी आत्याने प्रत परत दिली. ‘‘घरात नको,’’ म्हणाली. आणि आतोबांची पाठ वळताच नाकाला अंगठा लावून बोटं नाचवली.