चित्र पुढे पाठवा, पण चित्रकाराचे नाव कापू नका

१४ एप्रिलच्या तयारीत वाशिंदच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चवदार तळ्याच्या सत्याग्रहावरची चार चौकटींची चित्रकथा आली. सगळ्यांना आवडली, म्हणून ती फ्लेक्सवर घेतली. मापात बसावी म्हणून खालची पट्टी कापली. त्या पट्टीत चित्र काढणाऱ्या मुलीची सही होती, हे तिचा फोन आल्यावर कळले. "चित्र वापरलंत, आनंद आहे. पण दादा, माझं नाव का काढलंत?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का लागतो, पण चित्र मूळ कोणाचे ते कळत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉनसारख्या माध्यमात एकच मालक कंपनी नसते. अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात. तिथे मूळ पोस्ट 'बूस्ट' केली तर चित्रकाराचे खाते सोबत राहते. चित्र डाउनलोड करून आपल्या नावाने टाकले की तो धागा तुटतो. प्रती अनेक सर्व्हरवर गेल्यावर चूक दुरुस्त करायला लावणारे एकच मुख्य कार्यालयही नसते. म्हणून इथे आपली सवयच कामाला येते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी गळ्यागळ्यांतून गावोगाव गेली. त्यांच्या अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव ओवलेले असते. ते काढायचे तर कडवेच मोडते. चित्रकारांनीही सही कडेला न ठेवता चित्राच्या आत गुंफावी. 'भीमायन' (२०११) या चित्रमय पुस्तकावर दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची नावे लेखकांच्या बरोबरीने आहेत, तीही लक्षात ठेवावीत.

कायदाही चित्रकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही 'ही कृती माझी' असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असेल तर त्याच्या अटी वाचाव्यात. काही परवान्यांत व्यावसायिक वापराला, तर काहींत बदल करायला मनाई असते. आणि नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. फ्लेक्स छापण्याआधी विचारायलाच हवे.

ग्रुपसाठी साधे नियम असे:

१. शक्यतो मूळ पोस्टची लिंक पाठवा.
२. चित्र कापू नका. मजकुरात चित्रकाराचे नाव लिहा.
३. ट्रोलिंगच्या किंवा नोकरीच्या भीतीने कोणी टोपणनाव वापरत असेल, तर तेच लिहा. खरे नाव उघड करू नका.
४. नाव माहीत नसेल तर शोधा. सापडले नाही तर फ्लेक्सवर घेऊ नका.

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो: न दिलेले घेणार नाही. पिढ्यानपिढ्या आपल्या माणसांनी राबायचे आणि नाव दुसऱ्याचे लागायचे, हे आपण भोगले आहे. निदान आपल्या हातून तरी ते होऊ नये.

त्या मुलीची आम्ही माफी मागितली आणि तिच्या नावासह फ्लेक्स पुन्हा छापला. खर्च वर्गणीतून झाला, आणि कोणीही कुरकुर केली नाही.

जय भीम.