नऊ पॅनेल, दहा खांब

बंगळुरूच्या पीण्यात बहुतेक शेडमध्ये मायक्रॉनचा हिशेब चालतो. 1970 च्या दशकात वसलेलं हे औद्योगिक क्षेत्र सुट्या भागांचं, डायांचं, लेथ यंत्रांचं. त्याच रांगांमध्ये मधूनच एखादी शेड लागते, तिथे यंत्र नसतंच. भिंतीला टेकवलेले अ‍ॅल्युमिनियमचे ट्रस, चाकं लावलेल्या काळ्या पेट्या, मनगटाएवढ्या केबलींची वेटोळी. पाटीवर 'इव्हेंट सर्व्हिसेस'. नव्या पोराला वाटतं, रोज झगमगाट बघायला मिळेल. पहिला महिना केबल गुंडाळण्यात जातो, आणि तीही सरळ गुंडाळता येत नाही म्हणून ओरडा खाण्यात.

या धंद्यातली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे ऑक्टानॉर्मचा खांब. मूळ जर्मन बनावटीचा, आठ खाचांचा. कुठल्याही खाचेत आडवी पट्टी अडकवायची, अ‍ॅलन चावी फिरवायची, पट्टी घट्ट. तीन मीटर बाय तीन मीटरच्या, एका बाजूने उघड्या स्टॉलला एकेक मीटरची नऊ पॅनेल लागतात, दहा खांब, आणि वर-खाली मिळून अठरा पट्ट्या. शेजारचा स्टॉल चिकटून असला की मधली भिंत वाचते. हा हिशेब तोंडपाठ असलेल्या माणसाला सुपरवायझर गोदामातून हलू देत नाही. एक चावी कमी गेली तर हॉलमध्ये चार माणसं हात बांधून उभी राहतात.

मोठी कसोटी असते तुमकूर रोडवर, मादावरच्या बंगळुरू आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात. भारतीय मशीन टूल उत्पादकांच्या संघटनेने हे केंद्र उभारलं आणि 2007 पासून त्यांचं 'इमटेक्स' प्रदर्शन तिथेच भरतं. म्हणजे पीण्यात घडलेलं यंत्र आणि त्याच्याभोवतीची भिंत, दोन्ही एकाच रस्त्याने निघतात. अंतर थोडंच, पण डिसेंबर 2021 मध्ये पीण्याचा उड्डाणपूल केबलच्या दोषामुळे बंद झाला आणि अवजड गाड्यांना तो 2024 च्या जुलैपर्यंत मिळाला नाही. अडीच वर्षं सगळे ट्रक खालच्या रस्त्यावर. यंत्र उशिरा पोचलं तर गिऱ्हाइकाशी तडजोड करता येते. उद्घाटनाचा मुहूर्त मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून इथली माणसं घड्याळाला जितकी भितात तितकी उंचीला भीत नाहीत. त्यांनी उंचीला जास्त भ्यावं, असं मला वाटतं. उंचावर चढून ट्रस बांधणाऱ्या रिगरने सुरक्षेचा पट्टा कमरेला बांधून हूक मोकळाच ठेवला, तर तो पट्टा फक्त फोटोपुरता.

भाषा खिचडी. हिशेब हिंदीत, शिव्या कन्नडमध्ये, सामानाची नावं इंग्रजीत. बेळगावकडून याच महामार्गाने आलेल्या मराठी माणसाचं इथे जमून जातं. 'बेगा, बेगा' म्हणजे 'लवकर, लवकर' हे त्याला सांगावं लागत नाही. लग्नाच्या मांडवाला कन्नडमध्ये चप्पर म्हणतात. आपल्याकडे त्याचंच छप्पर झालं असावं की उलट, यावर चहा होईपर्यंत वाद घालता येतो.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत आधी बंद पडलेल्या आणि शेवटी उघडलेल्या धंद्यांत हा एक. पेट्यांवर धूळ बसली, माणसं गावी गेली. परत आली ती सगळीच नाहीत.

उभारणीपेक्षा उतरवणं अवघड. शेवटच्या दिवशी पाहुणे दारातून बाहेर पडत असतानाच कडेची पॅनेल सुटायला लागतात, कारण हॉल ठरल्या वेळी रिकामा करून द्यायचा असतो. माणसं तीन-चार रात्रींची जागलेली असतात, सामान पडतं ते याच वेळी. गालिचा बहुधा कचऱ्यात जातो. खांब मोजून ट्रकमध्ये चढतात. माणसांनी परत कसं जायचं, हे पुष्कळदा कुठेच लिहिलेलं नसतं. मादावरपर्यंत मेट्रो नोव्हेंबर 2024 मध्ये आली, पण ती रात्रभर धावत नाही. प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: कोटेशन मागवाल तेव्हा उतरवण्याच्या रात्रीचं जेवण आणि परतीची गाडी यांची ओळ त्यात आहे का, ते बघा. नसेल तर घालायला लावा.