दिल्लीच्या साळुंकीचा सूर

दिल्लीतल्या हॉटेलच्या खिडकीशी एक साळुंकी पुन्हा पुन्हा एकच लकेर घ्यायची आणि खोलीत बिली स्ट्रेहॉर्न ती कान देऊन ऐकायचा. साल १९६३. अमेरिकी परराष्ट्र खात्याने ड्यूक एलिंग्टनचा जाझ वाद्यवृंद दौऱ्यावर पाठवला होता. दमास्कस, काबूल, दिल्ली, आपली मुंबई. स्ट्रेहॉर्न म्हणजे एलिंग्टनचा सहरचनाकार, त्याचा उजवा हात. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून इस्पितळात दाखल झाला. नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा मंडळी तुर्कस्तानात होती; दौरा तिथेच आटोपला.

परतल्यावर सतार-तबला आणून हौसेची रेकॉर्ड काढणं सोपं होतं. एलिंग्टनने ते केलं नाही, आणि मला त्याचं मोठेपण यातच दिसतं. दौऱ्यावर बेतलेल्या काही रचना १९६४पासून मंचावर वाजू लागल्या, पण 'फार ईस्ट स्वीट' ही सबंध रचनामाला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली ती डिसेंबर १९६६मध्ये. तोवर ऐकलेलं सगळं मुरलं होतं. (नावावर जाऊ नका. नऊ रचनांपैकी अतिपूर्वेची म्हणावी अशी शेवटची, जपानवरची, तेवढीच.)

'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली'त ती साळुंकी जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटमधून बोलते. बाकी बँड आपल्या चालीने चाललेला असतो, लकेर मात्र फिरून फिरून येतेच. 'आग्रा'मध्ये ताजमहाल आहे, पण गुळगुळीत संगमरवर नव्हे. १९२७पासून एलिंग्टनसोबत असलेल्या हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन तो खर्जात, जडपणे उभा करतो.

आणि तिसरी रचना, 'इस्फहान'. जॉनी हॉजेस अल्टो सॅक्सोफोनवर एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत, रेंगाळत जातो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं. खरं तर ही धून स्ट्रेहॉर्नने दौऱ्याआधीच लिहिली होती, 'एल्फ' या नावाने. इराणी शहराचं नाव तिला नंतर मिळालं. तरी मला ती या संचातली सर्वांत सुंदर रचना वाटते.

जाझशी ओळख नसेल, तर सुरुवात याच रचनेपासून करा. रात्री, दिवे मालवून, एकदा पूर्ण ऐका.

स्ट्रेहॉर्न या ध्वनिमुद्रणानंतर सहा महिन्यांच्या आत, ३१ मे १९६७ रोजी, कर्करोगाने गेला. तो ५१ वर्षांचा होता.