परकीय उच्चार आणि श्रोत्याची जबाबदारी

परभाषिक सहकाऱ्याचे बोलणे समजले नाही की, आपण दोष त्याच्या उच्चारास देतो. हा समज तपासून पाहावयास हवा. मरे मन्रो व ट्रेसी डरविंग या कॅनडातील संशोधकांनी १० मंदारिनभाषिकांचे इंग्रजी बोलणे १८ इंग्रजीभाषिक श्रोत्यांना ऐकविले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, उच्चार अत्यंत परका वाटूनही कित्येक वाक्ये श्रोत्यांनी अचूक उतरवून घेतली. म्हणजे उच्चाराचे परकेपण निराळे व बोलण्याची दुर्बोधता निराळी. क्लार्क व गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखविले की, अपरिचित उच्चार ऐकताना आरंभी जाणवणारी मंदगती सुमारे एका मिनिटाच्या श्रवणाने कमी होते.

तेव्हा प्रथम धीराने ऐकावे. नुसते “काय म्हणालात?” असे विचारल्यास वक्ता तेच वाक्य तसेच पुन्हा उच्चारतो. त्याऐवजी समजलेला भाग सांगून अडलेलाच भाग विचारावा: “नमुने निवडण्याची पद्धत कळली, त्यांची संख्या किती म्हणालात?” संज्ञा अडल्यास ती फळ्यावर लिहिण्याची विनंती करावी. समजल्याचा आव आणू नये, आणि कोणी विचारल्यावाचून उच्चार सुधारू नये. इंग्रजीतील वर्त्स्य ध्वनींच्या जागी आपणही मूर्धन्य ‘ट’, ‘ड’ उच्चारतोच.

पदोपदी उच्चारावरून अडविला गेलेला विद्वान चर्चेत मौन पत्करण्याचा संभव असतो. त्या मौनाने होणारी हानी त्याच्या एकट्याची नसते. त्याच्या ज्ञानास सारा विभागच मुकतो.