पाना आखूड, नट तोच

साध्या सायकलीचं मागचं चाक फ्रेमच्या खाचेत दोन नटांनी आवळलेलं असतं. आज हे नट बहुतेक ठिकाणी १५ मिलिमीटरचे असतात आणि रस्त्यात ट्यूब बदलायची वेळ आली की ते सोडवावेच लागतात. या कामासाठी खिशात किंवा सीटखालच्या पिशवीत मावेल असा पाना हवा, ही गरज हवेच्या टायरइतकीच जुनी आहे. तेव्हापासून कारखानदारांनी आणि हौशी कारागिरांनी कितीतरी आकार करून पाहिले. ते क्रमाने पाहिले तर एक निष्कर्ष टाळता येत नाही : सोबत न्यायचं हत्यार जेव्हा जेव्हा खरोखर लहान झालं, तेव्हा आधी नट बदललेला होता. नटाला हात न लावता नुसता पाना आखडला, तिथे दांडा कमी पडला.

सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला होते. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि पंक्चर ही रस्त्यातली नित्याची अडचण झाली. त्या काळी नटांची मापं आणि आटे कारखान्यागणिक वेगळे असत. म्हणून सायकलस्वाराचा पहिला पाना जबडा मागेपुढे सरकणारा निघाला. अमेरिकेत हार्टफर्डच्या बिलिंग्ज अँड स्पेन्सरने आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लुकासने असे छोटे, देखणे पाने विकले. ते चामडी पिशवीत घालून सीटमागे अडकवत. त्यांची घडण आजही नजरेत भरते, पण सरकत्या जबड्याला थोडा तरी ढिलेपणा राहतोच आणि एवढ्याशा दांड्यावर जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात. १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या सायकल अभियंत्यांच्या संस्थेने आट्यांचं प्रमाण ठरवलं. मापं स्थिरावली तसे ठरावीक मापांचे स्वस्त पाने सायकलीसोबत मिळू लागले : पत्र्यातून ठोकून काढलेला चपटा पाना, किंवा दोन्ही टोकांच्या गोल गड्ड्यांत वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला डंबेल पाना. डंबेल पाना मुठीत मावतो आणि अनेक नटांना बसतो. चाकाच्या नटापुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. हबच्या आत गिअर असलेल्या चाकांच्या नटांसाठी सायकलीचे भाग बनवणारी शिमानो कंपनी ३० ते ४५ न्यूटन मीटर पीळ सांगते. त्यातला ४० हा आकडा धरू. हाताचा जोर नटापासून १० सेंटिमीटरवर पडत असेल तर सुमारे ४० किलोंचा दाब द्यावा लागतो, १५ सेंटिमीटरवर २७ किलोंचा आणि २० सेंटिमीटरवर २० किलोंचा. एवढं आवळायचं कशाला, असं कोणी विचारेल. १७ सेंटिमीटरचा क्रँक आणि ४६ दातांचं पुढचं चक्र असेल, तर पॅडलवर ६० किलोंचा भार पडताच चेनवर जवळजवळ ११० किलोंची ओढ येते, आणि ती सगळी एका बाजूने. खाच आडवी असेल तर सैल नटाचं चाक पुढे सरकून फ्रेमला घासतं. म्हणजे इथे दांड्याची लांबी हाच पान्याचा जीव आहे, आणि छोटा पाना करणारा नेमकी तीच कापत असतो.

शर्यतीच्या जगाने हा पेच पान्याच्या बाहेर सोडवला. जुन्या टूर द फ्रान्समध्ये सायकलीची दुरुस्ती ज्याची त्याने करायची असा नियम होता. १९१३ मध्ये तुर्माले घाटाच्या उतारावर यूजीन क्रिस्तॉफ या स्पर्धकाच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने तो स्वतः सांधला, आणि भाता एका मुलाने हलवला म्हणून दंडही सोसला. शिवाय टूरमध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी नव्हती. मागच्या हबला दोन्ही बाजूंनी दातेरी चक्रं असत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं बसवावं लागे. म्हणून नटालाच दोन पंख आले. विंग नट म्हणजे स्वतःचा पाना अंगावर वागवणारा नट, पण थंडीने बधिर झालेल्या बोटांना तोही दाद देत नाही. इटलीतल्या तुल्लिओ काम्पान्योलोला १९२७ च्या एका बर्फाळ शर्यतीत असाच अनुभव आला आणि त्यातून क्विक रिलीज सुचला, असं सांगतात. सायकलींच्या इतिहासकारांनी या कथेवर शंका घेतली आहे. ती खरी असो वा नसो, १९३० च्या सुमाराची त्याची युक्ती खरी आहे : पोकळ ॲक्सलमधून एक सळई आणि तिच्या टोकाला उत्केंद्री खटका. पीळ देण्याचं कामच संपलं. बाकीच्या बोल्टांचा प्रश्न ॲलन कीने सोडवला. हार्टफर्डच्याच विल्यम ॲलनने १९१० मध्ये षटकोनी खाचेच्या स्क्रूचं पेटंट घेतलं होतं. सायकलीवर ते बोल्ट रुळल्यावर पाच-सहा चाव्यांची घडी खिशात मावू लागली. आजचं मल्टिटूल छोटं दिसतं ते त्या बोल्टांना फारसा पीळ लागत नाही म्हणून.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. असनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय, सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हीरो या कारखान्यांनी इंग्रजी रोडस्टर उचलली आणि नटांसकट दशकानुदशकं तशीच ठेवली. तरी पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात पाना खिशात आला नाही, तो दुकानात राहिला. कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला होता, आणि चाक न काढता टायरच्या एका बाजूने ट्यूब ओढून, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे पाहून ठिगळ लावण्याची त्याची रीत इतकी पक्की होती की नटाला क्वचितच हात लागे. हे कौशल्य आपण पुरेसं नोंदवलेलं नाही, याची खंत वाटते.

छोट्या पान्याचा शोध पुन्हा पेटला तो ट्रॅकवरची सायकल रस्त्यावर आली तेव्हा. अमेरिकी शहरांतल्या कुरिअरवाल्यांनी आणि मग हौशी तरुणांनी फिक्स्ड गिअर, म्हणजे चाकासोबत पॅडलही फिरत राहणारी सायकल, उचलली, आणि त्यासोबत १५ चा नट परत आला. त्यातून पेड्रोजचं ‘ट्रिक्सी’ निघालं, टायर काढायच्या पट्टीच्या टोकाला रिंग असलेलं पोर्टलंड डिझाइन वर्क्सचं ‘थ्रीरेंचो’ निघालं. घडीच्या सायकली करणाऱ्या ब्रॉम्प्टनने फ्रेमच्या नळीत बसणारा हत्यारांचा संच काढला. यांतली माझ्या मते खरी हुशारी ‘थ्रीरेंचो’त आहे. टायर उचलायला लांब पट्टी लागतेच, मग तीच दांड्याचं काम करते. लांबी न कापता ओझं कमी करण्याचा हा सरळ मार्ग.

अशा खास पान्यांवर पहिला आक्षेप असा की सहा इंची ॲडजस्टेबल पाना सगळंच करतो. करतो, पण तो जाड आणि जड असतो, आणि दोनच बाजू धरतो. रिंग पाना सहाही कोपरे धरतो, म्हणून पातळ असूनही घसरत नाही. दुसरा आक्षेप : क्विक रिलीज असताना नट हवाच कशाला? शहरात चाक चोरीला जातं आणि आडव्या खाचेत नट जास्त भरवशाचा. तिसरा अधिक वजनदार आहे : फोन आहे, रस्त्यावर दुकानं आहेत. हे शहरापुरतं खरं. १८९१ पासूनच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या १२०० किलोमीटरच्या राइडमध्ये ठरलेल्या ठाण्यांबाहेर मदत घेता येत नाही, आणि आता आपल्याकडचेही शेकडो सायकलस्वार तिथे जातात. रात्री दोन वाजता वरंध घाटातही दुकान उघडं नसतं.

स्वतः पाना करायचा असेल तर बाजारातला एका टोकाला रिंग, दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असलेला १५ चा पाना घ्यावा आणि उघडं तोंड तेवढं कापावं. उरलेला दांडा १५ सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये. ग्राइंडरवर धरताना वरचेवर पाण्यात बुडवावा, कारण पोलाद निळं पडलं की तिथला कडकपणा गेला. वापरताना दाब वरून खाली, अंगाच्या भाराने देता येईल अशा कोनात पाना लावावा.

हबमध्ये मोटर असलेल्या ई-सायकलींवर नट पुन्हा मोठा होतो आहे. १२ मिलिमीटरच्या ॲक्सलवर साधारण १८ चा नट असतो, आणि मोटरचा उलटा पीळ ॲक्सलला खाचेतच फिरवू पाहतो, म्हणून तो सैल ठेवून चालत नाही. शिवाय अनेक मोटरांची वायर ॲक्सलच्या टोकातून बाहेर येते, तेव्हा त्या बाजूला रिंग घालण्याआधी वायरची जोडणी सोडवावी लागते. या सायकलीसाठी पाना घेणाऱ्याने १५ चं जुनं हत्यार घरी ठेवून १८ चा, पुरेशा दांड्याचा, एका टोकाला तोंड उघडं असलेला पाना घ्यावा.